भाईंदर ते चर्चगेट: शोधनिबंधांची लाइन

राज्यशास्त्रात एम.ए. करणाऱ्या किंवा पीएच.डी.चा सिनॉप्सिस लिहायला घेतलेल्या मीरा-भाईंदरच्या मुलामुलींकडून एक वाक्य हमखास ऐकू येतं: "विषय ठरलाय, पण मटेरियल मिळत नाही." मटेरियल मिळतं. भरपूर मिळतं, बरंचसं फुकट मिळतं आणि त्यातलं कितीतरी पश्चिम रेल्वेच्या एका तिकिटाच्या अंतरावर आहे. शिवाय ते शोधता शोधता ज्या गोष्टी हाती लागतात, त्या इतक्या रंगतदार असतात की मूळ विषय बाजूला ठेवून त्यांच्याच मागे जावंसं वाटतं. त्यातल्याच या काही.

पुणं न्यूयॉर्कच्या पुढे

जगातली पहिली विद्वत्पत्रिका १६६५ सालच्या ५ जानेवारीला पॅरिसमध्ये निघाली आणि दोन महिन्यांत, ६ मार्चला, लंडनची दुसरी आली. राजकारणाच्या अभ्यासाला वाहिलेलं नियतकालिक यायला मात्र बराच काळ जावा लागला. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या प्राध्यापकांनी 'पोलिटिकल सायन्स क्वार्टर्ली' सुरू केलं ते १८८६ मध्ये. आणि आपल्याकडे? पुणे सार्वजनिक सभेचं इंग्रजी त्रैमासिक १८७८ पासूनच निघत होतं! शेतसारा, दुष्काळ, सरकारचा जमाखर्च असे विषय आणि आकडेवारीसकट सरळ सरकारशी वाद. न्यायमूर्ती रानडे सरकारी नोकरीत होते, त्यांचे बरेच लेख त्यात विनास्वाक्षरी छापले गेले. पुढे गोपाळ कृष्ण गोखल्यांनी त्याचं संपादन केलं. महाराष्ट्रातल्या राजकीय विचारांवर काम करणाऱ्याने हे त्रैमासिक उघडलंच नाही, तर पाया न बघता घर मोजल्यासारखं होईल.

गाइडमधला विल्सन

स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या प्रत्येकाला एक ओळ पाठ असते: लोकप्रशासन या विद्याशाखेचा आरंभ वुड्रो विल्सन यांच्या १८८७ च्या लेखापासून. गाइडात एवढंच असतं. लेख कुणी वाचलेला नसतो. तो वर सांगितलेल्या 'पोलिटिकल सायन्स क्वार्टर्ली'च्याच जून १८८७ च्या अंकात आहे. सव्वीस पानांचा. लिहिला तेव्हा विल्सन तिशीचे प्राध्यापक होते, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष व्हायला अजून पंचवीसेक वर्षं अवकाश होता.

आणि गंमत म्हणजे हा लेख आज कुणालाही मोफत वाचता येतो. अमेरिकेत १९२३ पूर्वी छापलेल्या नियतकालिकांतला आपल्याकडचा साठा 'जेस्टोर' या शोधनिबंधांच्या ऑनलाइन संग्रहाने २०११ मध्ये सगळ्यांसाठी खुला केला. खातंही काढावं लागत नाही. त्याच काळातला आणखी एक लेख जरूर शोधा. बिनयकुमार सरकार यांनी आंतरराष्ट्रीय संबंधांच्या हिंदू सिद्धान्तावर 'अमेरिकन पोलिटिकल सायन्स रिव्ह्यू'मध्ये लिहिलं ते १९१९ मध्ये. आंतरराष्ट्रीय संबंध ही विद्याशाखा पश्चिमेत नुकती आकार घेत होती आणि एक भारतीय माणूस तिच्यात कौटिल्य घेऊन उभा होता.

पंचवीस वर्षांचा लेखक

मला विचाराल तर राजकीय अभ्यासातल्या शोधनिबंधांची गोष्ट मुंबईच्या विद्यार्थ्याने इथूनच सुरू करावी. ९ मे १९१६. कोलंबिया विद्यापीठात मानववंशशास्त्राचे प्राध्यापक गोल्डनवायझर यांचं चर्चासत्र. पंचवीस वर्षांचे भीमराव आंबेडकर तिथे भारतातल्या जातींची यंत्रणा, उगम आणि विकास यांवर निबंध वाचतात. पुढच्या वर्षी, मे १९१७ मध्ये, तो 'इंडियन अँटिक्वरी'त छापून येतो. हे नियतकालिक कुठलं? मुंबईचंच. जेम्स बर्जेस यांनी १८७२ मध्ये सुरू केलेलं.

जात ही आपल्या वर्तुळाबाहेर लग्न न करण्याच्या बंधनावर टिकते आणि हे बंधन टिकवण्यासाठी बायकांवर बंधनं लादली जातात, हा युक्तिवाद त्या निबंधात आहे. सतीची चाल, सक्तीचं वैधव्य, बालविवाह या सगळ्यांची संगती ते याच एका सूत्राने लावतात. शंभर वर्षांनंतरही जात आणि लिंगभाव यांवरच्या लेखांच्या तळटिपांत हा निबंध येतोच.

आंबेडकरांच्या मनात तो किती खोल होता याचा पुरावाही सापडतो. 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'च्या तिसऱ्या आवृत्तीच्या वेळी, १९४४ मध्ये, हा जुना निबंध त्या पुस्तकात मिसळून नव्याने लिहायचा त्यांचा विचार होता. प्रस्तावनेत त्यांनी तसं नोंदवलंय आणि वेळ मिळाला नाही हेही. काय झालं असतं त्या पुस्तकाचं! एखाद्या लेखाचा माग काढत गेलं की असा न लिहिला गेलेला ग्रंथही दिसतो, आणि हळहळ वाटते.

१९१८ मधला त्यांचा लहान शेतजमिनींवरचा लेख 'जर्नल ऑफ द इंडियन इकॉनॉमिक सोसायटी'त आहे. त्याच नियतकालिकात बर्ट्रांड रसेल यांच्या पुस्तकाचं त्यांनी केलेलं परीक्षणही आहे. पुस्तक-परीक्षणांकडे विद्यार्थी दुर्लक्ष करतात. तसं करू नका. एका परीक्षणात अख्ख्या पुस्तकाचा गाभा आणि त्यातली कच्ची बाजू दोन्ही हाती येतात.

तेरा पानांची शिकवण

डिसेंबर १९६४. 'एशियन सर्व्हे' नावाचं कॅलिफोर्नियाचं नियतकालिक. रजनी कोठारी यांचा 'काँग्रेस सिस्टीम'वरचा लेख. पानं फक्त तेरा. एकाच पक्षाचं वर्चस्व असूनही लोकशाही चालते कशी, विरोधकांचं काम त्या पक्षातलेच गट कसे करतात, हे त्या तेरा पानांनी सांगितलं आणि देशातल्या राज्यशास्त्राच्या अभ्यासक्रमात कायमची जागा मिळवली.

ठीक दहा वर्षांनी, डिसेंबर १९७४ मध्ये, त्याच नियतकालिकात कोठारींनी आपल्याच सिद्धान्ताचा फेरआढावा घेतला. दोन्ही लेख एका बैठकीत वाचून पाहा. मध्ये १९६७ च्या निवडणुका, काँग्रेसची फूट, इंदिरा गांधींचा उदय एवढं सगळं घडून गेलेलं. विचारवंत स्वतःचं म्हणणं कसं तपासतो, हे एवढं स्वच्छ दुसरीकडे क्वचितच बघायला मिळतं.

मिठागरांच्या काळातला लेख

जुलै २०२५ मध्ये मराठीच्या प्रश्नावरून मीरा रोडला मोर्चा निघाला आणि हे शहर देशभरच्या बातम्यांत आलं. त्यावर प्रबंध लिहायचा विचार आता कुणी ना कुणी करत असणारच. त्यांच्यासाठी: मेरी कॅटझेनस्टाइन या अमेरिकी अभ्यासक बाईंनी मुंबईतल्या भूमिपुत्रांच्या राजकारणावर आणि शिवसेनेच्या उदयावर 'एशियन सर्व्हे'मध्येच लेख लिहिला तो एप्रिल १९७३ मध्ये. शिवसेना तेव्हा जेमतेम सात वर्षांची होती. मीरा-भाईंदर ही नगरपालिकासुद्धा नव्हती. मिठागरं, भातशेती, कोळीवाडे आणि ग्रामपंचायती. नगरपालिका झाली १९८५ मध्ये, महापालिका २००२ मध्ये.

१९७३ चा हा लेख, कॅटझेनस्टाइन यांचंच १९७९ चं पुस्तक, मायरन वीनर यांचं भूमिपुत्रांवरचं १९७८ चं पुस्तक आणि दीपंकर गुप्ता यांचं शिवसेनेवरचं १९८२ चं पुस्तक. एवढा संच हाताशी असला की आजच्या घटनेत जुनं काय आणि नवं काय हे वेगळं करता येतं. तेव्हाच्या मांडणीत नोकऱ्या केंद्रस्थानी होत्या. आजचा वाद दुकानाच्या काउंटरवर आणि हाउसिंग सोसायटीत उमटतो. हा फरक का पडला, या प्रश्नाला एका प्रबंधाचं वजन पेलण्याची ताकद आहे.

लोकल पकडा

आता प्रवास. भाईंदर स्टेशनच्या पश्चिमेला, उत्तनच्या केशवसृष्टीत रामभाऊ म्हाळगी प्रबोधिनी आहे. स्थापना १९८२. लोकप्रतिनिधींना आणि कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देणारी ही संस्था. जिच्या नावाने ती उभी आहे ती व्यक्ती राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी खास आहे. म्हाळगी १९५७ मध्ये मावळमधून आमदार झाले, पुढे ठाण्याचे खासदार, आणि आपल्या कामाचा वार्षिक अहवाल ते मतदारांपुढे ठेवत. लोकप्रतिनिधीच्या उत्तरदायित्वावर लिहायचं असेल तर असे अहवाल म्हणजे अस्सल कच्चा माल.

सांताक्रूझला उतरलात की कलिना. मुंबई विद्यापीठाचं जवाहरलाल नेहरू ग्रंथालय आणि राज्यशास्त्राचा विभाग. या विभागाच्या प्रमुख म्हणून निवृत्त झालेल्या प्राध्यापिकेचं नाव उषा मेहता. होय, त्याच. ऑगस्ट १९४२ मध्ये गुप्त काँग्रेस रेडिओ चालवणाऱ्या, नोव्हेंबरात पकडल्या गेलेल्या आणि येरवड्यात शिक्षा भोगलेल्या. तुरुंगातून सुटल्यावर त्यांनी गांधीविचारांवर डॉक्टरेट केली आणि आयुष्य वर्गात घालवलं. आलू दस्तूर आणि उषा मेहता या दोघींनी मिळून १९५२ ते १९५६ या काळातल्या मुंबई राज्याच्या काँग्रेस राजवटीचा अभ्यास केला. ते पुस्तक १९५८ चं आहे. सरकार जाऊन दोन वर्षं होत नाहीत तोच त्याचा अभ्यास छापून तयार! राज्यपातळीच्या राजकारणावर त्या काळी असं काम फारसं कुणी करत नव्हतं.

लोअर परळला 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'. अभ्यासकांच्या तोंडी नुसतं 'ईपीडब्ल्यू'. सचिन चौधरींनी १९४९ मध्ये 'इकॉनॉमिक वीकली' सुरू केलं, १९६६ मध्ये ते नव्या नावाने आलं. कृष्णराज यांनी १९६९ पासून २००४ मध्ये मृत्यू येईपर्यंत, पस्तीस वर्षं संपादन केलं. साप्ताहिकाच्या वेगाने बातमीमागचं राजकारण आणि त्याच अंकात तळटिपांसकट शोधनिबंध, अशी जोडी जगात फार कुठे सापडत नाही. महाराष्ट्रातल्या निवडणुका आणि मराठा वर्चस्व यांवर सुहास पळशीकर आणि राजेश्वरी देशपांडे यांनी लिहिलेलं इथे वाचायला मिळतं. सुरुवात १९९९ च्या लेखापासून करा.

चर्चगेटला उतरून चालत गेलात तर १८०४ मध्ये स्थापन झालेली एशियाटिक सोसायटी आणि काळा घोड्याजवळ, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत, महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागार. तिथे सरकारी फायली बघायला मिळतात. जर्नलमधल्या लेखकाने ज्या फायलीचा क्रमांक तळटिपेत दिलाय, ती फाइल स्वतः मागवून वाचण्यात जो थरार आहे तो शब्दांत सांगता येत नाही.

घरबसल्या शंभर

जाणं-येणं जमत नसेल तरी अडत नाही. जेस्टोरवर नावनोंदणी करून फुकट खातं काढलं की तीस दिवसांत शंभर लेख ऑनलाइन वाचता येतात. डाउनलोड होत नाहीत, पण वाचून टिपणं काढायला काय हरकत? 'ईपीडब्ल्यू', 'एशियन सर्व्हे' आणि १९३९ पासून निघणारं 'इंडियन जर्नल ऑफ पोलिटिकल सायन्स', तिघांचेही जुने अंक तिथे आहेत. अगदी अलीकडच्या काही वर्षांचे अंक मात्र तिथे लगेच येत नाहीत.

मोठी बातमी 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'ची. केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये या योजनेला मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० नियतकालिकं, ६,३०० सरकारी संस्था आणि सुमारे १ कोटी ८० लाख विद्यार्थी, शिक्षक व संशोधक. १ जानेवारी २०२५ पासून ती सुरू झाली. गांधीनगरचं इन्फ्लिबनेट केंद्र ती चालवतं. योजना सरकारी संस्थांसाठी आहे, त्यामुळे विनाअनुदानित खासगी महाविद्यालयातल्या मुलाला ती आपोआप लागू होत नाही. मला हे खुपतं. मीरा-भाईंदरसारख्या शहरात शिकणाऱ्याला याची झळ सगळ्यात आधी बसते. पदव्युत्तर किंवा पीएच.डी.साठी विद्यापीठात नाव असेल तर मात्र कलिनाच्या ग्रंथपालांना गाठून लॉगिनची चौकशी आजच करा.

त्याच इन्फ्लिबनेटचं 'शोधगंगा' सगळ्यांना खुलं आहे. पाच लाखांहून अधिक प्रबंध, मराठीतलेसुद्धा. प्रबंध अख्खा वाचू नका. दुसरं प्रकरण, म्हणजे पूर्वसाहित्याचा आढावा, आणि शेवटची संदर्भसूची उघडा. तुमच्याआधी कुणीतरी वर्षानुवर्षं खपून केलेली यादी तिथे तयार असते. पुण्याच्या गोखले संस्थेतल्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयाने आपली जुनी दुर्मिळ पुस्तकं स्कॅन करून खुली केली आहेत, तीही बघून ठेवा.

खरगपूरचा माणूस

नोव्हेंबर २००४ मध्ये सुरू झालेलं गूगल स्कॉलर ज्या दोघांनी उभारलं, त्यातले एक अनुराग आचार्य, आयआयटी खरगपूरचे. आपण रोज वापरतो ते शोधयंत्र, पण त्यातलं सगळ्यात मोलाचं बटण बहुतेक जण दाबतच नाहीत. लेखाच्या खाली 'साइटेड बाय' असतं. म्हणजे हा लेख पुढे कुणी कुणी आधाराला घेतला त्याची यादी. तळटिपा तुम्हाला मागे नेतात, हे बटण पुढे नेतं. कॅटझेनस्टाइन यांचा १९७३ चा लेख शोधा, हे बटण दाबा, मग त्या यादीत 'मुंबई' शोधा. दहा मिनिटांत पन्नास वर्षांची चर्चा समोर उभी राहते. शेजारच्या 'ऑल व्हर्शन्स'मध्ये पुष्कळदा लेखकाने स्वतः ठेवलेली मोफत पीडीएफ असते. तीही नसेल तर लेखकाला सरळ ई-मेल करा. आपला लेख कुणी मागतंय याचा आनंद प्राध्यापकांना खरोखर होतो.

एक स्थानिक युक्ती. भाईंदरच्या इंग्रजी स्पेलिंगचा शेवट काही ठिकाणी ए-आर असतो, काही ठिकाणी ई-आर. दोन्हींनी शोधा. इंग्रजी अमदानीतलं हवं असेल तर साष्टी तालुक्याचं जुनं नाव 'सालसेट' आणि ठाण्याचं 'ठाणा' ही स्पेलिंगं टाका. ठाणे जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटियरपर्यंत पोहोचाल.

सावधान, पैसे मागतायत

"तीन दिवसांत छापून देतो, दोन हजार भरा." असा मेसेज आला की थांबा. पुण्यात भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी यूजीसीच्या मान्यताप्राप्त यादीत विद्यापीठांच्या शिफारशीने आलेली १,००९ नियतकालिकं तपासली. ८८ टक्क्यांहून अधिक निकषांत बसली नाहीत! २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि खळबळ उडाली. त्यानंतर 'केअर' यादी आली, तिचं काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून चाललं. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने ती यादीही थांबवल्याचं जाहीर करून निकष तपासण्याची जबाबदारी संस्थांवरच सोपवली. म्हणजे आता पारख तुमची तुम्हालाच करायची आहे. संपादक मंडळावरची माणसं खरी आहेत का? जुने अंक दिसतात का? लेख तज्ज्ञांकडे तपासायला जातो का? ज्या नियतकालिकात तुम्ही वाचलेल्या लेखकांपैकी कुणीच कधी लिहिलेलं नाही, तिथे आपलं नाव कशाला?

झेरॉक्सवाल्याचा विजय

दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या एका झेरॉक्स दुकानावर ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या बड्या प्रकाशकांनी खटला भरला होता. पुस्तकांतली निवडक प्रकरणं एकत्र बांधून विद्यार्थ्यांना विकतो म्हणून. १६ सप्टेंबर २०१६ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने दुकानाच्या बाजूने निकाल दिला. अध्यापनासाठी अशा प्रती काढणं कॉपीराइट कायद्याच्या अपवादात बसतं, असा त्याचा आशय. २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला. इंटरनेटवरच्या चोरट्या साठ्यांचं प्रकरण वेगळं. साय-हब ही वेबसाइट रोखण्याचा आदेश त्याच न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिला. म्हणून वरच्या सरळ वाटा आधी धुंडाळा, त्या पुरतात.

जे गूगलला दिसत नाही

मराठीतलं उत्तम राजकीय लेखन गूगल स्कॉलरवर जवळजवळ सापडतच नाही. वाईच्या प्राज्ञ पाठशाळा मंडळाचं 'नवभारत' १९४७ पासूनचं. 'समाज प्रबोधन पत्रिका', लातूरचा 'विचारशलाका', साने गुरुजींनी १५ ऑगस्ट १९४८ ला सुरू केलेलं 'साधना'. यांतले लेख इंग्रजी जर्नलांच्या तोडीचे आहेत, आणि सहकारी साखर कारखाना, शेतकरी आंदोलन, सत्यशोधक परंपरा या विषयांवर तर कितीदा त्यांच्या पुढचे. प्रबंधाच्या संदर्भसूचीत एकही मराठी नियतकालिक नसलेला महाराष्ट्राच्या राजकारणाचा विद्यार्थी पाहिला की वाईट वाटतं. हे अंक शोधायला कपाटापर्यंत जावं लागतं. वार्षिक सूची सहसा वर्षाच्या शेवटच्या अंकात असते, तिथून सुरू करा.

विषय घरासमोर

मीरा-भाईंदर हा विधानसभा मतदारसंघ २००८ च्या पुनर्रचनेत जन्मला. पहिली निवडणूक २००९ ची, राष्ट्रवादीचे गिल्बर्ट मेंडोन्सा जिंकले. २०१४ मध्ये भाजपचे नरेंद्र मेहता. २०१९ मध्ये अपक्ष गीता जैन यांनी त्यांना हरवलं. २०२४ मध्ये मेहता परत आले. मधे २०१७ च्या महापालिकेत ९५ पैकी ६१ जागा भाजपला, २२ शिवसेनेला. ज्या शहरात पालिकेत एका पक्षाला इतकं स्पष्ट बहुमत मिळतं, तिथेच दोन वर्षांनी त्याच पक्षाचा आमदार अपक्षाकडून हरतो. का? आगरी, कोळी, ख्रिस्ती गावं, गुजराती-मारवाडी वस्त्या, नया नगर, उत्तर भारतीय, मराठी सोसायट्या: कुणी कुठे आणि का मत बदललं? विधानसभेचे निकाल अशोका विद्यापीठाच्या 'लोकढाबा'वर मोफत मिळतात, पालिकेचे राज्य निवडणूक आयोगाकडे. सिद्धान्तासाठी कोठारी आहेत, पळशीकर-देशपांडे आहेत, कॅटझेनस्टाइन आहेत. लेख झाला की २०१३ पासून निघणाऱ्या 'स्टडीज इन इंडियन पॉलिटिक्स'कडे पाठवून बघा. सुहास पळशीकर त्याचे संस्थापक मुख्य संपादक. मत मोजण्यापलीकडे जाऊन मतदार समजून घेणारं लेखन तिथे छापलं जातं.